कॅमेऱ्यासमोरचा घास

यशोधरा भालेरावला स्वयंपाक ना आईने शिकवला, ना सासूने. तिला तो टीव्हीने शिकवला. हे ती कधी लपवायची नाही. कुणी तिच्या हातच्या वांग्याचं कौतुक केलं की ती हसून म्हणायची, "गुरूला सांगा. तो काय, भिंतीवर टांगलाय."

तिची आई जनाबाई अंबरनाथला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या पायांवर चालायचं. पहाटे स्टोव्ह पेटवायचा, भाकऱ्या थापायच्या, रात्रीच्या कालवणाला एक कढ द्यायचा आणि पाळी गाठायची. संध्याकाळी परतली की तिच्यात पाय धुण्याइतकंही त्राण नसायचं. पोरीला शेजारी बसवून "हे बघ, फोडणी अशी द्यायची" हे सांगायला तिला उसंत मिळालीच नाही. मग शाळेतून आलेली यशोधरा चाळीतल्या शेजारणीच्या उंबऱ्यावर बसून दुपारचा रेसिपीचा कार्यक्रम बघायची.

पडद्यावरची बाई इस्त्रीची साडी नेसून यायची. पांढराशुभ्र ओटा, काचेच्या इवल्या वाट्या, त्यात मापाने काढून ठेवलेले मसाले. कुठे शिंतोडा नाही, धूर नाही, माशी नाही. कोथिंबीर आधी धुवायची आणि मग चिरायची, हे यशोधराला त्या बाईने शिकवलं. कांदा आधी गुलाबी होतो आणि मग सोनेरी, हेही तिनेच. आणि आणखी एक गोष्ट शिकवली, न बोलता. किळस. तो ओटा डोळ्यांत घेऊन यशोधरा घरी यायची आणि काजळी धरलेला तवा, मोरीच्या तोंडाशी अडकलेला भात, खिळ्याला लटकणारं तेलकट फडकं बघून तोंड फिरवायची. दहावीत असताना एका सुट्टीत तिने राखेने सगळी भांडी घासून चकचकीत केली आणि आईला बजावलं, "यापुढे स्वयंपाक मी करणार. तू हात नको लावूस." जनाबाईला राग यायला हवा होता, पण तिला इतकं सुटल्यासारखं झालं की ती भिंतीला टेकून तिथेच झोपली.

लग्न होऊन यशोधरा अंबरनाथ पूर्वेलाच एका बिल्डिंगमध्ये राहायला आली. नवरा प्रमोद बदलापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. माणूस शांत, जे ताटात येईल ते खाणारा. तिचे प्रयोग त्याने मुकाट सोसले. व्हाइट सॉस, बेक्ड भाजी, अननसाचा शिरा. ओरेगॅनो हा शब्द बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाला. सामानासाठी ती उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे जायची. तो तिला बघितलं की विचारायचा, "बोलो दीदी, आज टीव्हीवालों ने क्या मंगवाया?"

सगळंच जमायचं असं नाही. टीव्हीवर दहा मिनिटांत होणारी भाजी तिच्या कढईत पाऊण तास बोटचेपी व्हायची नाही. तिकडे टम्म फुगलेला केक इकडे भाकरीसारखा बसायचा. पण चूक टीव्हीची असेल असं तिच्या मनातही आलं नाही. आच चुकली असेल, माप चुकलं असेल, आपल्या हातालाच चव नसेल. ती पुन्हा करायची. असं करत करत तिचा हात खरोखरच बसला. समोरच्या फ्लॅटमधल्या मालिनी चौबळ, खाण्यापिण्याच्या बाबतीत कुणाला दाद न देणाऱ्या, त्यासुद्धा दार वाजवून विचारू लागल्या, "यशोधराताई, तुमच्या त्या कोंबडीला वाटण कसलं हो?"

कोंबडी मात्र तिची स्वतःची होती. चार कार्यक्रमांतून चार गोष्टी उचलून, स्वतःच्या अंदाजाने जुळवलेली. खोबरं पार काळपट होईस्तोवर भाजायचं, कांदा तसाच विस्तवावर, आणि मग बारीक आचेवर शिजू द्यायचं, हाडापासून मांस सुटेपर्यंत. एका रविवारी प्रमोदने तिला ती करताना मोबाइलवर टिपलं. "पाठव ना तुझ्या त्या कार्यक्रमाला. बघू तरी." तिने नको नको म्हणत पाठवलं.

कार्यक्रमाचं नाव ‘ताट वाढा’. यशोधरा तो रोज न चुकता बघायची. महिन्याभराने फोन आला. श्रद्धा नावाची मुलगी बोलत होती, कार्यक्रमाची माणसं जमवायचं काम तिच्याकडे. "ताई, काँग्रॅट्स! तुमची कोंबडी सिलेक्ट झाली."

त्या दिवशी यशोधराने कुणाकुणाला सांगितलं नाही! जनाबाईच्या चाळीत सांगितलं, प्रमोदच्या कंपनीत गेलं, चामटोलीच्या नणंदेला कळलं, सिंधी दुकानदाराने तर तिला वेलदोड्याची पुडी भेट दिली. मालिनीवहिनींनी आपली मोत्यांची कुडी स्वतःहून आणून दिली. "कॅमेऱ्यात मोती चांगले दिसतात."

शूटिंगच्या दिवशी ती पहाटे उठली, कोंबडी शिजवली, स्टीलच्या डब्यात भरली आणि न्यायला आलेल्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसली. स्टुडिओ घोडबंदरच्या बाजूला होता. बाहेरून पत्र्याचं गोदाम. आत मात्र तोच तो ओटा, तीच निळी कपाटं, तीच खिडकी. तिचे डोळे भरून आले. एखाद्याने लहानपणापासून फोटोत पाहिलेलं घर खरंच समोर यावं, तसं झालं.

जवळ गेली आणि बघते तर खिडकी कागदाची. नळाला पाणी नाही. बेसिनखाली पाइपच नव्हता, एक बादली ठेवलेली. बादलीत आदल्या दिवसाचं पाणी, त्यात भिजून फुगलेला पाव, कांद्याची सालं आणि वर तरंगणारा कुणाचातरी चहाचा कागदी कप. वासाने ती मागे सरली. पदर नाकाला लावायला हात वर गेला आणि मेकअप बिघडेल म्हणून खाली आला.

श्रद्धा धावत आली. कानात यंत्र, हातात पाण्याची बाटली, वय असेल पंचविशीचं. "ताई, मस्त दिसताय. ऐका, सुरुवातीला तुम्ही म्हणायचं, ही कोंबडी मला माझ्या आजीने शिकवली."

"पण आजीने नाही शिकवली. मी टीव्हीवर शिकले. तुमचाच कार्यक्रम बघून..."

"सो स्वीट! पण टीव्हीवर टीव्ही नाही चालत ताई. लोकांना आजी लागते. गाव कुठलं तुमचं?"

"मूळचं मुरबाडकडचं."

"परफेक्ट. मुरबाडची आजी. नथ, पितळेची भांडी, पाटा-वरवंटा, अंगणात तुळस. दोनच वाक्यं आहेत, पटकन पाठ करा."

यशोधरा काही बोलणार होती. आमच्याकडे तुळस नसते, एवढं तरी सांगावं असं तिला वाटलं. पण पोरगी पुढे निघून गेली होती, आणि दिव्यांखाली शेफ उन्मेष येऊन उभा राहिला होता. त्याला ती रोज बघायची. पडद्यावर तो हसरा होता. इथे तो जांभया देत होता. तिने आदराने डबा उघडून पुढे केला. त्याने वाकून पाहिलं. वास घेतला नाही, नुसतं पाहिलं.

"चव असेल हो ताई. पण दिसतं कसं? चिखल. कॅमेऱ्याला जीभ नसते." आणि मान वळवून ओरडला, "प्रीतम! ताईंची कोंबडी सजव रे."

प्रीतम हा सजावटवाला. त्याच्या टेबलावर ब्रश, सिरिंज, कापसाचे बोळे आणि रंगांच्या बाटल्या होत्या. त्याने एका भांड्यातून कोंबडीच्या तंगड्या काढल्या. नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून बाहेर घेतलेल्या, कातडी ताणलेली, आत गुलाबी. "पूर्ण शिजवली की आक्रसते," त्याने आपणहून समजावलं. मग त्याने सोया सॉस, जळकी साखर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब एकत्र घोटले आणि ब्रशने तंगड्या रंगवल्या, दाराला पॉलिश करावं तशा. लिक्विड कशाला, असं तिने विचारलं. "रंग धरून राहतो." वरून ग्लिसरीन मारलं. ताटाच्या कडेला एक डाग राहिला होता, तो त्याने कापसाची काडी जिभेवर ओली करून पुसला.

यशोधरा बघतच राहिली. तिच्या अंगावर काटा आला तो पाठीतून चढत मानेपर्यंत गेला. ज्या ताटांकडे बघून तिने आईच्या ताटाला नाक मुरडलं होतं, ती ताटं अशी तयार होत होती. थुंकीने पुसलेली.

मग शूटिंग सुरू झालं. तिने कढईत कांदा टाकला, कट. मसाला टाकला, कट. शेफने कॅमेऱ्याला सांगून टाकलं, मोठ्या आचेवर दहा मिनिटं की झाली, कट. खालचा गॅस मधूनच बंद असायचा. थंड तेलात कांदा पोहत राहिला. ती आजीची दोन वाक्यं बोलली, तिसऱ्या वेळेला बरी जमली. दिवे तापत होते. ताटातल्या तंगड्या तिथेच होत्या. एक माशी येऊन बसली. प्रीतमने तिला टिचकीने उडवलं, आणि जिथे ती बसली होती तिथे रंगाचा नवा हात फिरवला. कुणीतरी ओला कापूस तापवून ताटामागे लपवला. त्याची वाफ निघू लागली.

"गरमागरम चुलीवरची कोंबडी!" शेफ उन्मेष एकदम फुलला. त्याने तंगडी उचलली, चावा घेतला, डोळे मिटले. "अहाहा. मुरबाडच्या आजीच्या हाताची चव उतरलीय."

कट झाला. तोंडासमोर काळी पिशवी आली. त्याने घास थुंकला, चूळ भरली, कागदाने जीभ पुसली. दात घासल्यासारखं, रोजचं. पिशवी धरणारा निघून गेला.

"आता ताईंचा घास," कुणीतरी ओरडलं.

यशोधराने डब्याकडे हात केला. "माझी आणलेली घेऊ?"

"नाही हो, शॉट जुळला पाहिजे. तीच घ्या. आणि हसायचं बरं का, आजीची आठवण आल्यासारखं."

तिला नाही म्हणता आलं असतं. पुढे कित्येक दिवस ती हेच घोकत राहिली, की नाही म्हणता आलं असतं. पण समोर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यामागे तिला जनाबाईची चाळ दिसत होती, मालिनीवहिनी दिसत होत्या, नणंद दिसत होती. तिने तंगडी उचलली. ती थंड होती. दात कातडीतून पटकन गेले आणि आतल्या मांसात रुतले. कच्चं, बुळबुळीत मांस दातांना लागलं आणि तुटेना. तिने ओढलं. जिभेवर आधी गोड आलं, मग साबण, मग रक्ताची खारट चव. ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, ते आठवणीचं वाटलं असणार.

"कट! सुपर!"

तिने वळून पाहिलं. पिशवी नव्हती. पिशवी शेफबरोबर गेली होती, तिच्यासाठी कुणी धरली नव्हती. घास गालात घेऊन ती इकडे बघे, तिकडे बघे. त्या चकचकीत फरशीवर थुंकायचं कसं? बेसिनला पाणी नाही. श्रद्धा कौतुकाने तिचा हात दाबत होती, "ताई, काय नॅचरल केलंत!" आणि उत्तर देण्यासाठी तोंड रिकामं करणं भाग होतं. यशोधराने तो घास गिळला.

निघताना ती आपला डबा मागायला गेली. मागच्या बाजूला हिंदुराव नावाचा म्हातारा कामगार सेटवरचं अन्न एका मोठ्या टपात ओतत होता. तंगड्या, भात, कुठल्यातरी दुसऱ्या एपिसोडचे लाडू. तिचा डबा त्याने नुकताच पालथा केला होता. पहाटेपासून शिजवलेली तिची कोंबडी त्या ढिगावर पडली होती, तर्री लाडवांत मुरत होती. हिंदुरावने बाटलीचं बूच काढलं आणि त्या सगळ्यावर फिनाइल ओतलं.

"अहो! हे काय करताय?"

"ऑर्डर हाय बाई. मागं कुणी पोरांनी उचलून खाल्लं, आजारी पडली. तवापास्नं असंच. कुणी खाऊ नये म्हणून."

"पण माझं चांगलं होतं. ते खाता आलं असतं."

"चांगलं कुठलं, वाईट कुठलं, आमी कसं वळखावं?" तो म्हणाला. त्याचा स्वरही वाईट नव्हता. त्याने डबा विसळून तिच्या हातात दिला. गाडीत बसल्यावर तिला कळलं, लसूण, भाजलेलं खोबरं आणि फिनाइल यांचा मिळून एक वास तिच्या नाकात बसलाय. मानपाड्याला तिने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला वाकली. काही पडलं नाही.

पुढचे दोन दिवस ती अंथरुणावर होती. पोटात कळा, ताप. "गाडी लागली," असं तिने सगळ्यांना सांगितलं. "पण झालं कसं?" प्रमोदने विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "छान झालं."

एपिसोड लागला त्या दुपारी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जनाबाईला पुढे खुर्ची दिली होती. पडद्यावर यशोधरा आली तशा टाळ्या पडल्या. मग ती आजी आली, नथीची, पितळेच्या भांड्यांची. जनाबाई पुढे वाकली. "कोणती आजी गं?"

"अगं, तसं म्हणायला लावलं त्यांनी."

"माझी आय?" जनाबाईचा आवाज खाली गेला, पण खोलीत ऐकू आला. "माझी आय पोरवयात पाटी घेऊन दारोदार शिळं मागायची. दगडासारखे तुकडे. पाण्यात भिजवायचे आन खायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतली तवा पाटी फेकली तिनं. तिच्याकडं कुठली आली पितळेची भांडी?"

मालिनीवहिनींनी हातातल्या बशीकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर घास आला. यशोधराने स्वतःचा चेहरा पाहिला. ती बाई कच्चं मांस ओढत होती आणि गोड हसत होती. डोळे चमकत होते. इतकं खरं हसू तिने स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. टाळ्या वाजल्या, आणि ती उठून बाथरूममध्ये गेली. या वेळी पडलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून तिने ओकून घेतलं. फिनाइलची किळस एक वेळ धुऊन निघेल, पण त्या हसण्याची? तिला आरशातल्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

त्यानंतर घरात कोंबडी शिजेना. प्रमोदने दोन रविवार वाट पाहिली आणि मग काही न विचारता अंडी आणू लागला. टीव्ही लागला की ती आतल्या खोलीत जायची.

आठवड्याभराने मालिनीवहिनी आल्या, ओशाळलेल्या. "यशोधराताई, तुमची ती कोंबडी केली हो. टीव्हीवर सांगितली तश्शी. दहा मिनिटं मोठ्या आचेवर. माझे दीर-जाऊ जेवायला होते. दीरांनी चावा घेतला तर आत लाल. सगळे बघतच राहिले. इतकी वर्षं करतेय मी, पण माझंच काहीतरी चुकलं बघा."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि यशोधराला घाम फुटला. हे वाक्य तिचं होतं. बसलेल्या केकपुढे, चिवट पनीरपुढे, न शिजलेल्या भाजीपुढे ती वर्षानुवर्षं हेच म्हणत आली होती. किती घरांत किती बायका आपलेच हात बघत बसल्या असतील!

"वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. ती दहा मिनिटांत शिजतच नाही. तिथेही कच्चीच होती." आणि तिने सगळं सांगितलं. ब्रश, साबण, माशी, थुंकीची काडी. "आणि मी ते गिळलं."

मालिनीवहिनींनी तोंडाला पदर लावला. "शी! शी! गिळलंत?" मग अविश्वासाने, "पण तुम्ही तर किती छान हसत होता."

सांगून टाकल्यामुळे यशोधराला त्या रात्री झोप लागली. दोनच दिवसांनी ती भाजी घेऊन जिना चढत होती. वरच्या वळणावर मालिनीवहिनींचा आवाज येत होता, कुणा दुसऱ्या शेजारणीशी बोलत होत्या. "कच्चं मांस, अगं! साबणासकट. मला तर ऐकूनच मळमळलं. पण त्यांना काय, काहीही चालतं खायला."

यशोधरा जागच्या जागी थांबली. पिशवीतली मेथी तिच्या हाताला जड झाली. त्यांना म्हणजे कुणाला, हे तिला विचारायची गरज नव्हती. स्टुडिओतला घास जिथे अडकला होता तिथेच हे वाक्यही जाऊन अडकलं. तिला वाटलं, हेही गिळावं का? गिळायची सवय झालीच आहे.

ती वर गेली. दुसरी शेजारीण तोवर निघून गेली होती. तिने मालिनीवहिनींची बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा यशोधराच्या हातात मोत्यांची कुडी होती. द्यायची राहून गेली होती, पर्समध्येच पडून होती.

"वहिनी, ही घ्या. आणि एक सांगते. मी ते कच्चं गिळलं, ते मला काहीही चालतं म्हणून नाही. मला कोथिंबिरीच्या देठाला माती चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी गिळलं, कारण तुम्ही सगळ्या बघणार होतात. थुंकले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात, हे मला तेव्हाच ऐकू आलं होतं."

मालिनीवहिनींचा चेहरा पांढरा पडला. "अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला... आत या ना, चहा टाकते."

"नको," यशोधरा म्हणाली. "आज नको."

प्रमोदला तिने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, पहिल्यांदा. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "व्हिडिओ मी काढला होता ना. मला वाटलं होतं, तुला आनंद होईल." तिला त्याची कीव आली, आणि व्हिडिओ पाठवायला लावल्याचा त्याच्यावरचा राग जरा गेला.

श्रद्धाचा पुन्हा फोन आला तो पावसाळा संपताना. "ताई, तुमची आजी हिट झालीय! दिवाळी स्पेशल करतोय. या वेळी आजीची करंजी."

"माझी आजी शिळे तुकडे मागून जगली," यशोधरा म्हणाली. "तिचा एपिसोड कराल?"

"ताई... दिवाळीला जरा पॉझिटिव्ह हवं असतं."

"आणि कोंबडी दहा मिनिटांत शिजत नाही, हे सांगाल का लोकांना?"

"ते माझ्या हातात नाहीये हो." पोरीचा आवाज खरोखर अडचणीत आलेला वाटला. यशोधराने आणखी वाद घातला नाही. फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला.

पण चाळीतल्या बायका सोडायला तयार नव्हत्या. जनाबाईच्या शेजारणी, बहुतेक तिच्याबरोबर कंपनीत काम केलेल्या. "आम्हाला दाव की ती टीव्हीवरची कोंबडी." ती टाळत राहिली आणि एका रविवारी टाळता येईना. चाळीमागच्या मोकळ्या जागेत तीन विटा मांडून तिने मोठं पातेलं चढवलं. कोंबडी धुताना तिला दोनदा तोंड फिरवावं लागलं; जनाबाईने न सांगता तिच्या हातातून ती घेतली आणि धुतली.

वाटण होईस्तोवर तिने स्टुडिओचं सगळं सांगितलं. बायका "ई" करत, शिव्या घालत, हसत ऐकत होत्या. एक म्हातारी मात्र रागावली. "खोटं. शेफ चांगला माणूस वाटतो. थुंकेल कशाला?" तिला कितीही सांगितलं तरी पटलं नाही, आणि ती उठून आपल्या घरी टीव्ही बघायला गेली.

कोंबडी बारीक आचेवर रटरटत राहिली. ऊन भिंतीवर चढलं. "झाली का गं?" दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारे, आणि यशोधरा झाकण उघडून हाडाशी चमचा टेकवून म्हणे, "नाही अजून." काहीजणी कंटाळून कपडे वाळत घालायला गेल्या. काही बसल्या. भुकेने पोरं रडू लागली, त्यांना भाकरीचे तुकडे दिले. धुराने यशोधराचे डोळे चुरचुरत होते, हाताला काजळी लागली होती, साडीवर तेलाचे शिंतोडे उडाले होते.

शेवटी मांस हाडापासून सुटलं. तिने रस्सा वाटीत घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि वाटी परत खाली आली. "आई, तू बघ मीठ."

जनाबाईने चाखलं, जीभ टाळूला लावली. "चिमूटभर घाल."

तिने घातलं. ताटं वाढली. पहिल्या घासानंतर बायका एकदम बोलू लागल्या. प्रमोद मागून आला होता, त्याने रस्सा दोनदा घेतला. "तू नाही जेवत?" शेजारणीने विचारलं.

"मला भाकरी आणि कांदा दे," यशोधरा म्हणाली. "कोंबडी नाही जात गं अजून." तिला कुणी आग्रह केला नाही. एका बाईने कांदा बुक्कीने फोडून तिच्या पुढ्यात ठेवला, तिने भाकरी मोडली आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ती खात बसली.